साठीनंतरचा कोणता रुपया पक्का आणि कोणता कच्चा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही 61 वर्षांचे, राहणार सुदामानगर, इंदूर, जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यातून 58 व्या वर्षी निवृत्त. शेवटचा पगार वीस हजारांच्या घरात, ईपीएसची, म्हणजे फंडासोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन तीन हजारांच्या आसपास. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 13 लाख बचत खात्यात पडून आहेत, कारण 'किमान पेन्शन 7,500 होणार' हे ऐकून तुम्ही थांबलात. पत्नीला पुढच्या महिन्यात साठ पूर्ण होतील आणि लाडली बहना या मध्य प्रदेश सरकारच्या बायकांसाठीच्या योजनेचे महिन्याचे 1,500 बंद होतील. घरात रोज संध्याकाळी वाद होतो. तुम्ही म्हणता, फुकट वाटपाने राज्य खड्ड्यात जाईल. मुलगा म्हणतो, उद्योगपतींना लाखो कोटी सोडले तेव्हा कोणी ब्र काढला नाही. जावई म्हणतात, तेवढ्यासाठीच सरकारची ज्यांच्यावर मर्जी आहे त्या समूहाचे शेअर घ्या, ते बुडायचे नाहीत. तुम्ही विचारलंय की यातलं कोणाचं ऐकायचं आणि सरकारवर किती भिस्त ठेवायची.

मी भविष्यनिर्वाह निधी आणि पेन्शनची कामं करते. पूर्वी कारखान्यांसाठी करायचे, आता बहुतेक निवृत्त माणसांसाठी करते. हा वाद मी घरोघरी पाहते आणि त्याचा एक परिणामही पाहते, तो म्हणजे पैशाचा निर्णय लांबणीवर पडतो. कोणी वाढीची वाट बघत बसतं, कोणी 'आता सगळं बंद होणार' या धास्तीने घाईघाईत काहीतरी करून मोकळं होतं. म्हणून कोण बरोबर हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. त्यावर माझं मत आहे, ते पुढे सांगतेच. आधी तुमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक रुपयाबद्दल एवढंच विचारा: हा रुपया काढून घ्यायचा झाला तर कोणाला काय करावं लागेल? संसदेत किंवा कोर्टात जावं लागेल, की भोपाळ-दिल्लीच्या एका आदेशाने भागेल? की काहीच करावं लागणार नाही, कारण तो रुपया अजून आलेलाच नाही?

तुमची ईपीएस पेन्शन पहिल्या प्रकारातली. ती कोणाच्या कृपेने मिळत नाही. मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के दर महिन्याला त्या योजनेत जात होते, केंद्र सरकार 1.16 टक्के घालत होतं, आणि पेन्शनचं सूत्र ठरलेलं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. ती इतकी कमी का, याचं उत्तरही सूत्रातच आहे. पेन्शनपात्र पगाराला कमाल मर्यादा असते. ऑगस्ट 2014 पर्यंत ती 6,500 होती, 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 झाली. तुमची बरीचशी नोकरी 6,500 च्या काळातली, म्हणून त्या वर्षांचा हिशेब त्याच आकड्यावर झाला. सरकार बदललं म्हणून ही पेन्शन थांबणार नाही. पण ती वाढणारही नाही. महागाई भत्त्याशी तिचा काही संबंध नाही, पहिल्या महिन्यात खात्यात जो आकडा आला तोच तुमच्या ऐंशीव्या वर्षीही येईल. म्हणजे ती पक्की आहे पण दर वर्षी झिजते, आणि पुढचं सगळं नियोजन या दोन गोष्टी धरूनच करायला हवं.

कायद्याने पक्कं म्हणजे वेळेवर, असं मात्र समजू नका. इंदूरकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. मालवा मिल, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी, हुकुमचंद या मिलच्या भोंग्यांवर या शहराची घड्याळं चालायची. हुकुमचंद मिल 1991-92 मध्ये बंद पडली आणि अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची प्रक्रिया सुरू झाली. कामगारांच्या देण्यांचा हक्क कोणी नाकारला नव्हता. तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीने कामगारांची देणी मोजायची, ही तरतूद कंपनी कायद्यात 1985 सालीच आली होती. तरीही पैसे मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. 25 डिसेंबरला साधारण 224 कोटींचा धनादेश दिला गेला, सुमारे 4,800 कामगारांसाठी. मार्ग निघाला तो राज्याने मिलची जमीन ताब्यात घेऊन तिच्या बदल्यात सगळी देणी एकरकमी भरल्यामुळे. शहराच्या मधोमध असलेल्या जमिनीची किंमत वर्षानुवर्षं वाढत होती आणि तिच्याच शेजारच्या चाळींत लोक म्हातारे होत होते. पैसे आले तेव्हा कित्येक घरांत ते घ्यायला मूळ कामगार उरला नव्हता, सुना-नातवंडं वारसाचे कागद घेऊन उभी होती.

मी हे दोन कारणांसाठी सांगते. एक, हक्क असूनही आयुष्यातली पंचवीस-तीस वर्षं हातची जाऊ शकतात, म्हणून जी रक्कम आज तुमच्या ताब्यात आहे तिचं मोल कागदावरच्या हक्कापेक्षा जास्त धरा. दोन, ती रक्कम मिळाली ती कामगारांनी संघटना मोडू दिली नाही आणि खटला सोडला नाही म्हणून. पाठपुरावा थांबला असता तर हक्क तसाच फायलीत पडून राहिला असता.

आता दुसरा प्रकार, सरकारी आदेशावर चालणाऱ्या योजना. लाडली बहना मार्च 2023 मध्ये सुरू झाली, विधानसभेच्या निवडणुकीला काही महिने राहिले असताना. जूनपासून 1,000, ऑक्टोबरपासून 1,250, आता 1,500. ऑगस्ट 2023 नंतर नवी नावं घेणं थांबलं, त्यामुळे ज्या बायका त्यानंतर 21 वर्षांच्या झाल्या त्या बाहेरच राहिल्या. आणि साठ पूर्ण झाली की नाव आपोआप कमी होतं. तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या वहिनींना 65 पर्यंत मिळणार मग आमच्याकडे साठीलाच का बंद. त्याचं उत्तर असं की महाराष्ट्रातली 'माझी लाडकी बहीण' ही वेगळ्या सरकारची वेगळी योजना आहे. जुलै 2024 पासून सुरू, वयाची अट 21 ते 65. तिथेही निवडणूक झाल्यावर छाननी आली, ई-केवायसी आली, नावं वगळली गेली. दोन राज्यं, दोन वयं, आणि दोन्ही ठिकाणी हा आकडा एका शासन निर्णयात ठरलेला. अशा पैशावर घरखर्च चालवू नये. आला तर घ्यावा, जरूर घ्यावा, संकोच करू नये, पण तो उद्या बंद झाला तर दूध-किराणा अडू नये अशी सोय ठेवावी.

साठीनंतर पत्नीला वृद्धावस्था पेन्शन मिळेल का, हेही तुम्ही विचारलंय. मध्य प्रदेशात ती महिन्याला 600 रुपये आहे, पण त्यासाठी गरिबीरेषेच्या यादीत नाव लागतं. तुमच्या समग्र आयडीवर (राज्याच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकावर) तशी नोंद नसेल तर ती मिळणार नाही. त्यामुळे त्या 1,500 ची जागा सरकारकडून भरून निघेल असं धरू नका.

याच प्रकारातली आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः अनुभवली असेल. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर तिकिटात 40 टक्के आणि बायकांना 58 नंतर 50 टक्के सवलत होती. मार्च 2020 मध्ये एका आदेशाने ती थांबली. करोना ओसरला, गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत आलेली नाही. ती काढायला कायदा बदलावा लागला नाही, कारण ती कायद्यात नव्हतीच.

तिसरा प्रकार म्हणजे तुमचे 7,500. इथे मी स्पष्ट बोलते, कारण या एका आकड्याने तुमचं बरंच नुकसान केलं आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभा समितीने 2013 साली किमान पेन्शन 3,000 करा म्हणून शिफारस केली. सप्टेंबर 2014 पासून ती 1,000 झाली. तेव्हापासून हजारच आहे. बुलढाण्याहून चाललेलं 7,500 चं आंदोलन, दिल्लीतली धरणी, खासदारांची आश्वासनं हे सगळं मी जवळून पाहते, आणि त्या मागणीच्या बाजूने मी उभी आहे. पण सरकारचं उत्तर दर वेळी हेच असतं की फंडात तूट आहे, एक हजाराची हमीसुद्धा अर्थसंकल्पातून मदत घेऊन पाळली जाते. उद्या वाढ झालीच तर तुम्ही काही न करता ती खात्यात जमा होईल. त्यासाठी पैसे अडवून ठेवायची काहीच गरज नव्हती. बचत खात्याचं व्याज तीन टक्के धरलं आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं 8.2 टक्के, तर तुमच्या 13 पैकी आठ लाखांवर वर्षाला 40,000 च्या वर फरक पडतो. तुमच्या एका वर्षाच्या पेन्शनपेक्षा ही रक्कम जास्त आहे.

जावयांच्या सल्ल्याबद्दल माझं मत अगदी पक्कं आहे. सरकारची मर्जी हा मी वर सांगितलेल्या तिन्हीहून कच्चा आधार आहे. योजनेला निदान आदेश असतो, मर्जीला काहीच नसतं. ती किती दिवस राहील, कोणत्या चौकशीने संपेल, हे तुम्हा-आम्हाला आधी कधीच कळत नाही. जानेवारी 2023 मध्ये हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेचा अहवाल आला आणि अदानी समूहाच्या कंपन्यांचं बाजारमूल्य काही आठवड्यांत 100 अब्ज डॉलरहून जास्त उतरलं. समूहाने सगळे आरोप फेटाळले, पुढे शेअर बरेच सावरलेही. त्या समूहाला सरकारची साथ आहे की नाही यावर संसदेत गदारोळ झाला, तो वाद मी इथे सोडवणार नाही. मला दिसतं ते एवढंच की तिशीतला माणूस सावरेपर्यंत थांबू शकतो, पण एकसष्टीच्या माणसाला त्याच महिन्यात अँजिओप्लास्टी लागली तर पडत्या भावात विकावं लागतं. आणि मर्जीचा दाखला इंदूरमध्येच आहे. सर सेठ हुकुमचंदांना होळकर दरबारात मान होता, इंग्रजांनी 'सर' केलं होतं, देशभर त्यांना कापसाचे राजे म्हणत. त्यांच्या नावाच्या मिलचं पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे.

मग 13 लाखांचं करायचं काय? इथे बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत: घर स्वतःचं आहे का, डोक्यावर कर्ज आहे का, दोघांपैकी कोणाला कायमचं औषध चालू आहे का, मुलगा घरखर्चात किती घालतो. घर स्वतःचं आहे आणि कर्ज नाही असं गृहीत धरून सांगते. दोन लाख हाताशी असू द्या, बँकेत, लागले तर त्याच दिवशी काढता येतील असे. पत्नीला साठ पूर्ण झाली की तिच्या स्वतःच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडा. ज्या दिवशी लाडली बहनाचं वय संपतं त्याच दिवशी हे दार तिला उघडतं. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी 2 लाख 20 हजारांवर वर्षाला 18,000 च्या थोडं वर व्याज होतं, म्हणजे महिन्याचे ते 1,500 बरोबर भरून निघतात. व्याज दर तिमाहीला खात्यात येतं, साधारण 4,510 रुपये. खातं तिच्याच नावावर ठेवा. इतके महिने तिच्या हातात तिचे स्वतःचे पैसे येत होते, साठीला ते थांबून पुन्हा तुमच्याकडे मागायची वेळ तिच्यावर येऊ नये असं मला फार वाटतं.

तुमच्या नावाने त्याच योजनेत सहा लाख ठेवा. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही, सरकारने पुढच्या तिमाहीत दर कमी केला तरी तुमचा तोच राहतो. म्हणून मी या पैशाला पक्क्यात मोजते. उरलेले दोन लाख ऐंशी हजार मात्र वाढीसाठी लावा. पेन्शन वाढत नाही, व्याज वाढत नाही, आणि तुम्हाला अजून वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत. एखाद्या साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेणाऱ्या फंडात, एकदम न टाकता महिन्या-महिन्याला थोडे थोडे. तिथे एका समूहाचं नशीब तुमच्या गळ्यात पडत नाही. आणि आपल्या माणसांची पतसंस्था एक टक्का जास्त देते म्हणून तिथे जाऊ नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो, पतसंस्थेला नसतो.

आजारपणाचा विचार पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. सत्तरीनंतर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये हे सुरू झालं. वय आधारवरून धरतात, म्हणून आधारवरची जन्मतारीख आत्ताच तपासा. पण तुम्हाला सत्तरीला नऊ वर्षं आहेत, पत्नीला दहा, आणि मधला काळ रिकामा आहे. तुमचा पगार 21,000 च्या आत होता, म्हणजे ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असणार. निवृत्त होताना किमान पाच वर्षं विमाधारक असलेल्या माणसाला वर्षाला फक्त 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. नंदानगरच्या विमा रुग्णालयाबद्दल लोकांच्या तक्रारी असतात, गर्दीही असते. तरी डायलिसिस किंवा मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर त्या 120 रुपयांची किंमत कळते. निवृत्तीच्या वेळी हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. खासगी विमा घ्यायचा विचार असेल तर वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून निघाला आहे, नव्याने भाव काढून बघा.

आता कागद. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसा सगळ्यात जास्त इथेच अडकलेला मी पाहते. तुमच्या पश्चात पत्नीला तुमच्या पेन्शनच्या निम्मी पेन्शन मिळते. ती मिळण्यासाठी पीपीओवरचं (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं) तिचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एक असावं लागतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलायची पद्धत होती. एक बाई माझ्याकडे आल्या, माहेरच्या कुमुद, सासरच्या वैशाली. यजमानांनी पेन्शनच्या अर्जावर अर्थातच वैशाली लिहिलं, घरात तेच नाव होतं. आधार आणि बँक खातं मात्र शाळेच्या दाखल्यावरून निघालेलं, त्यावर कुमुद. यजमान गेल्यावर त्यांचा अर्ज परत येत राहिला, कारण कागदोपत्री त्या दोन वेगळ्या बायका होत्या. लग्नाची पत्रिका सापडली, तीत तांदळात लिहिलेलं नाव कुठून असणार? शेवटी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, नगरसेवकाचा दाखला असं करत काम झालं, पण तोवर त्या भावाच्या पैशांवर जगत होत्या. तुम्ही हयात असताना ही दुरुस्ती दोघांच्या सहीच्या अर्जाने होते. पुढच्या आठवड्यातच पीपीओ काढून बघा.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, आणि ईपीएससाठी तो ज्या तारखेला द्याल तिथून बारा महिने चालतो. नोव्हेंबरमध्येच रांग लावायची गरज नाही. कारखान्यात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांचे ठसे बरेचदा उमटत नाहीत. मशीन लाल दिवा दाखवतं आणि माणूस ओशाळतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, मुलाला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. राज्य सरकारच्या कोणत्याही सेवेचा अर्ज अडला तर पावती मागून घ्या. मध्य प्रदेशने 2010 मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5,000 दंड होतो. त्यानंतर 181 ची हेल्पलाइन आहे, मंगळवारची जनसुनवाई आहे. पावती नसेल तर यातलं काहीच चालत नाही.

आणि आता तुमच्या घरातला वाद. तुम्ही दोघंही अर्धं बोलता असं मला वाटतं. मुलाला सांगा की बँकांनी ताळेबंदातून काढलेलं कर्ज म्हणजे माफ केलेलं कर्ज नव्हे, वसुलीचा हक्क राहतो, जरी हाती लागतं ते बरेचदा थोडंच असतं. पण त्याचा मूळ राग चुकीचा नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांच्या करात कपात झाली, मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आला, आणि वर्षाला 1.45 लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल हा आकडा खुद्द अर्थ मंत्रालयाने दिला होता. गुंतवणूक वाढेल, रोजगार वाढेल हे कारण होतं. कारखाने आले नसते तर पीथमपूर उभं राहिलं नसतं आणि तुमची नोकरीही नसती, म्हणून उद्योगाला सवलत द्यायच्या मी विरोधात नाही. मला खटकते ती अट. कमी दर घेणाऱ्या कंपनीला इतर सवलती सोडायची अट होती, माणसं कामाला लावायची नव्हती. आणि केंद्र सरकार गरीब म्हाताऱ्याच्या पेन्शनमध्ये घालतं ते 200 रुपये. 2007 मध्ये 200 होते, आजही साठ ते एकोणऐंशी वयाला 200च. त्या दोनशेसाठी दर वर्षी जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. या तुलनेने मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

तुमच्या 'फुकट' या आक्षेपाबद्दल एवढंच म्हणेन की साबणापासून औषधापर्यंत तुमची पत्नी जो कर भरते तो चाळीस वर्षं भरत आली आहे, आणि घर सांभाळायच्या कामाला फंड नव्हता की पेन्शन. पंतप्रधानांनी जुलै 2022 मध्ये रेवडी संस्कृतीवर, म्हणजे मतांसाठीच्या फुकट वाटपावर, टीका केली, आणि वर्षभराच्या आत मध्य प्रदेशात दोन्ही मोठे पक्ष बायकांना दरमहा पैसे देण्यात चढाओढ करत होते. भाजपने 1,000 पासून सुरुवात करून 3,000 पर्यंत नेण्याचं सांगितलं, काँग्रेसने 1,500 चं वचन दिलं. तुम्ही ज्या भूमिकेसाठी मुलाशी भांडता ती पक्षांनी स्वतः धरून ठेवलेली नाही, म्हणून तिच्यासाठी घरातलं जेवण कडू करू नका.

दोघांना मिळून विचारता येईल असा एक प्रश्न आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की 'किती देणार' असं विचारू नका. 'हे कायद्यात लिहिणार का, आणि महागाईशी बांधणार का' असं विचारा. सरकारी नोकराचा महागाई भत्ता किमतींच्या निर्देशांकावरून ठरतो. 2013 पासून रेशनचं धान्य हा कायद्याचा हक्क आहे, आणि सरकार कोणाचंही आलं तरी ते एका आदेशाने बंद करता आलं नाही. म्हाताऱ्यांच्या पेन्शनलाही तोच आधार मिळाला तर निवडणुकीपूर्वी वाढ आणि निवडणुकीनंतर छाननी हा खेळ थांबेल. मुलाला हे पटेल, आणि सरकारी पैसा उधळला जाऊ नये असं वाटणाऱ्या तुम्हालाही पटायला हरकत नाही, कारण कायद्यात लिहिलेला खर्च आधी मोजावा लागतो.

मला तीन गोष्टी कळवा: निवृत्तीच्या दिवशी ईएसआयची वर्गणी चालू होती का, पीपीओवर पत्नीचं नाव कसं लिहिलंय, आणि घरावर काही कर्ज आहे का. कर्ज असेल तर वरचं सहा लाखांचं गणित बदलेल. कर्जाचा दर 8.2 च्या वर असला तर आधी ते फेडणं बरं. पत्नीच्या खात्यासाठी पोस्टात किंवा बँकेत जाताना तिचं आधार, पॅन, फोटो आणि धनादेश न्या, आणि वारसाचं नाव त्याच वेळी लिहून घ्या, 'नंतर करू' म्हणून रिकामं सोडू नका.